आधी जीई, मग सायन्स? अगं, उलटं!

या वेळचं पत्र क्युपर्टिनोहून आलंय, थोडं कापून देतेय. नवीन वाचणाऱ्यांसाठी, जीई म्हणजे जनरल एज्युकेशन, मेजर (मुख्य विषय) कुठलाही असो सगळ्यांना करावे लागणारे सामान्य विषय, आणि ट्रान्सफर म्हणजे कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करून पुढे यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, जाणं.

"ताई, मी नाशिकला बारावी सायन्स केलं, पीसीएमबी, ८४ टक्के. गेल्या वर्षी जूनमध्ये बाबांच्या जॉबमुळे आम्ही सगळे कॅलिफोर्नियात आलो. मी एच-४ वर (बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे, जानेवारीत १९ पूर्ण झाली. फॉल २०२५ ला डी अँझा हे कम्युनिटी कॉलेज सुरू केलं. मला मायक्रोबायोलॉजी करायचंय, यूसी डेव्हिस नाहीतर यूसीएलए. मंडळाच्या गणपतीत एक काका भेटले, त्यांचा मुलगा बर्कलीला आहे, ते म्हणाले आधी जीई सगळं उडवून टाक, जीपीए (ग्रेडची सरासरी) वर जातो, सायन्स दुसऱ्या वर्षी निवांत कर. म्हणून मी फॉल आणि विंटरला इंग्लिश, सायकॉलॉजी, आर्ट हिस्ट्री, इकॉनॉमिक्स आणि मॅथ १ए घेतलं. आता स्प्रिंगला मॅथ १बी, कम्युनिकेशन आणि अँथ्रोपॉलॉजी चालू आहे. परवा क्लासमधली एक मुलगी म्हणाली, तू अजून केम १ए पण घेतलं नाहीस? मग २०२७ चं ट्रान्सफर विसर. मला झोप नाही तेव्हापासून. बारावीत माझं ऑरगॅनिक झालंय, एसएन१ एसएन२ (विक्रिया कशी घडते त्याचे दोन प्रकार) सगळं पाठ आहे, ते धरत का नाहीत? केमचा एखादा भाग समरमध्ये दुसऱ्या कॉलेजला उरकता येईल का? आणि आई म्हणते बारावीची जर्नलं सामानात आणलीत, ती काउन्सेलरला दाखव. काय करू?"

अगं, आधी झोप. ती मुलगी पूर्ण बरोबर नाहीये, काका मात्र जवळजवळ पूर्ण चूक आहेत, आणि काकांचा मुलगा बर्कलीला काय शिकतोय ते तू विचारलंच नाहीस ना? मी पैज लावते इकॉनॉमिक्स, पोलिटिकल सायन्स असलं काहीतरी असणार. तिथे हा सल्ला चालून जातो. सायन्सवाल्याला नाही चालत, आणि हा सल्ला दर गणपतीत, दर दिवाळी पहाटेला कुणीतरी कुणालातरी देतच असतं त्यामुळे तुझ्यासारखी पत्रं मला वर्षाला चार-पाच तरी येतात.

बघ, तुझ्या घरी छोले करायचे ठरले तर आई काबुली चणे आदल्या रात्री भिजत घालते की नाही? कोशिंबीर कधी करते, पानं घ्यायच्या आधी दहा मिनिटं. काकांनी तुला आधी कोशिंबीर करून ठेवायला सांगितली आणि चणे अजून डब्यातच आहेत. जीई कोर्स एकमेकांवर अवलंबून नसतात, सायकॉलॉजी आज घे नाहीतर दीड वर्षाने घे, कुणाचं काही अडत नाही. केमिस्ट्रीचं तसं नाही. डी अँझाला केम १ए, मग १बी, मग १सी, हे झालं जनरल केमिस्ट्री, आणि त्यानंतर १२ए, १२बी, १२सी हे ऑरगॅनिक. एकाशिवाय दुसरा घेता येत नाही आणि दोन एकदम घेता येत नाहीत, म्हणजे सहा क्वार्टर सलग. वर्षात समर सोडला तर क्वार्टर तीनच, फॉल, विंटर, स्प्रिंग. सहा भागिले तीन, दोन वर्षं. म्हणजे ज्या मुलाला दोन वर्षात सगळं ऑरगॅनिक संपवून जायचंय त्याने पहिल्या फॉलच्या पहिल्या दिवशी केम १ए मध्ये बसलेलं असायला हवं, एकही क्वार्टर सुटता कामा नये. हे गणित कुणी गणपतीत सांगत नाही कारण प्रसादाच्या रांगेत सांगण्यासारखं नाहीये ते.

(नंबरांबद्दल एक, कॅलिफोर्नियात सगळ्या कम्युनिटी कॉलेजांचे कोर्स नंबर एकसारखे करायचं काम चालू आहे, तुझं पहिलं इंग्लिश इंग्लिश सी १००० म्हणून दिसलं असेल बघ ट्रान्सक्रिप्टवर. केम-बायोचेही नंबर बदलत जातील. घाबरू नको, पाटी बदलते, साखळी तीच राहते.)

आता तुझं नक्की किती बिघडलंय ते बघू. मला वाटतं तू समजतेस त्याच्या निम्मं.

एक गोष्ट तू फार छान केलीस, बहुतेक नकळत. मॅथ. बारावीच्या जोरावर सरळ कॅल्क्युलसला बसलीस आणि १बी चालू आहे. इथली कितीतरी मुलं या मॅथपायीच अडकतात कारण फिजिक्सला मॅथ लागतं, केमलाही थोडं लागतं. तुझी ती साखळी पुढे गेलेली आहे. जीई पण वाया गेलं नाही, यूसीला ट्रान्सफर व्हायला कमीत कमी सात कोर्सचा एक साचा लागतो, दोन इंग्लिश, एक मॅथ आणि चार बाकीचे आर्ट्स, सोशल सायन्स, सायन्स यातले, निदान दोन वेगवेगळ्या गटांतले. त्यातलं बरंचसं झालं तुझं. दुसरं इंग्लिश मात्र राहिलंय, ते विसरू नको, सायन्सची मुलं चार लॅब करतात आणि दुसऱ्या इंग्लिशला विसरतात, मग शेवटच्या विंटरला वेटलिस्टवर चौदावा नंबर लावून रडतात.

जे बिघडलंय ते एवढंच की केम आणि बायो दोन्ही सुरूच झाले नाहीत. आणि जीईबद्दल काकांना कुणीतरी हे सांगा, की यूसीचे लोक स्वतःच सांगतात, सायन्स, इंजिनिअरिंगसारख्या जड मेजरला अॅडमिशन देताना मेजरची तयारी आधी बघतात, पूर्ण जीई पॅटर्न, म्हणजे आता जे कॅल-जीईटीसी आहे ते, झालं नसेल तर उरलेलं तिकडे गेल्यावर करता येतं. उलटं चालत नाही. पूर्ण जीई आणि शून्य केमिस्ट्री घेऊन मायक्रोबायोलॉजीला अर्ज केलास तर ४.० जीपीए बघून कुणी पाघळणार नाही.

आता बारावीचं. हे ऐकायला वाईट वाटेल. यूसीच्या हिशोबात आपली बारावी म्हणजे हायस्कूल. एपी, आयबी, ए-लेव्हल यांना ते क्रेडिट देतात, एचएससीला नाही, मग ८४ असोत नाहीतर ९८. तू इकडे येण्याआधी भारतात एफवायबीएस्सी केलं असतंस तर वेगळी गोष्ट होती, ते कॉलेजचं शिक्षण धरून त्याचं मूल्यमापन करून घेता आलं असतं. पण ते झालं नाही, त्यामुळे केम १ए पासूनच. आणि खरं सांगू का, मला ते पटतं. मी या देशात आले तेव्हा मलाही राग आला होता, मला सगळं येतंय, मला परत मोल कन्सेप्ट कशाला शिकवता. मग ऑरगॅनिकच्या पहिल्या मिडटर्मला ६१ पडले. प्रश्न असा होता की अमुक विक्रिया एसएन१ ने होईल की एसएन२ ने, का, बाण काढून दाखव, आणि सॉल्व्हंट बदलला तर काय होईल. मला व्याख्या येत होती, फरकाचे पाच मुद्दे तक्ता करून येत होते, बाण काढायला हात उठेना. आपल्याकडे रिअॅक्शन पाठ करतात, इथे इलेक्ट्रॉन कुठून निघाला आणि कुठे गेला ते विचारतात. तुझी बारावी वाया नाही जाणार, तुला वेग मिळेल, बाकीचे पिरिऑडिक टेबलशी झटत असताना तू निवांत असशील, पण त्या निवांतपणातच घात असतो. पहिले तीन आठवडे "हे तर येतंय" म्हणून होमवर्क सोडलेली आपली मुलं मी बघितलीयत, चौथ्या आठवड्यात कळतं की येत नाही. आणि क्वार्टर फक्त बारा आठवड्यांचा असतो, परीक्षेचा आठवडा धरून.

दुसऱ्या कॉलेजला केमचा एक भाग उरकायचा का, याचं उत्तर नाही. नाही म्हणजे नाहीच. याच्यावर मी जरा जास्त लिहिणारे कारण यात माझं वर्ष गेलंय.

मी कम्युनिटी कॉलेजला होते ते सेमिस्टरवालं. तिथे जनरल केमिस्ट्री दोन भागात असते, दोन सेमिस्टर. मी पहिला भाग केला, मग आम्ही घर बदललं, नवीन घराजवळचं कॉलेज क्वार्टरवालं निघालं, तिथे तेच केमिस्ट्री तीन भागात. माझा पहिला भाग बघून त्यांनी मला कुठे घालायचं यावर दोन लोकांची दोन मतं, शेवटी तिसऱ्या भागात घातलं. आता गंमत बघ, केक दोन तुकड्यात कापला असेल तर पहिला तुकडा अर्धा, तीन तुकड्यात कापला तर शेवटचा तुकडा एक तृतीयांश, मधला एक सहावा हिस्सा कुणाच्याच ताटात नाही. माझ्या बाबतीत तो हिस्सा म्हणजे कायनेटिक्स, विक्रिया किती वेगाने होते ते. रेट लॉ कधी शिकवलाच गेला नाही मला, आणि तिसऱ्या भागात पहिल्याच दिवशी सर म्हणाले "रेट लॉ तर तुम्हाला माहितीच आहे". रात्री जागून तो भरून काढला, बी आला, खुश झाले. मग ट्रान्सफरच्या वेळी युनिव्हर्सिटीकडून कळलं की आमच्या वर्षभराच्या सिरीजला तुमची अख्खी सिरीज लागते, एकीचा पहिला भाग आणि दुसरीचा शेवटचा भाग मिळून आम्ही काही धरत नाही. सगळं परत. घरच्यांना सांगायला मला दोन दिवस लागले, बाथरूममध्ये रडून झाल्यावर मग सांगितलं.

म्हणून लिहून ठेव, एक सिरीज एकाच कॉलेजात सुरू करायची आणि तिथेच संपवायची. आपल्या भागात डी अँझा आणि फूटहिल ही दोन क्वार्टरवर चालतात, बाकी राज्यातली बहुतेक सगळी सेमिस्टरवर, त्यामुळे ही ठेच आपल्याच मुलांना जास्त लागते. सुटा कोर्स, दुसरं इंग्लिश वगैरे, कुठेही घे, चालतं. केम, बायो, फिजिक्स मात्र एका घरातच.

आणि हे सगळं माझ्या तोंडावर विश्वास ठेवून करू नको, काकांवर ठेवलास तेवढा पुरे. असिस्ट नावाची साइट आहे, राज्याची अधिकृत, तिथे तुझं कॉलेज टाक, जायची युनिव्हर्सिटी टाक, मेजर टाक, मग डावीकडे त्यांचा कोर्स आणि उजवीकडे तुझ्या कॉलेजचा कोर्स अशी यादी येते. दोन-तीन कोर्सच्या मध्ये "आणि" लिहिलेलं दिसेल तिथे ते सगळे मिळून एक धरतात, माझं वर्ष गेलं ते याच "आणि" मुळे. यादीच्या वरचा बारीक टाइपातला मजकूर पण वाच, आपण तो स्क्रोल करून पुढे जातो आणि खरी गोष्ट तिथेच असते, कुठला कोर्स अॅडमिशनला हवाच आणि कुठला "झाला असेल तर उत्तम". ऑरगॅनिकचं नेमकं इथेच ठरतं. कुठे वर्षभराचं मागतात, कुठे पहिला भाग पुरतो, कुठे आल्यावर करा म्हणतात. फिजिक्स अल्जिब्रावालं चालेल की कॅल्क्युलसवालंच हवं, तेही तिथेच.

आणि एकच मेजर टाकून थांबू नको. मायक्रोबायोलॉजी म्हणून तू शोधशील आणि यूसीएलएला ते मायक्रोबायोलॉजी, इम्युनॉलॉजी अँड मॉलिक्युलर जेनेटिक्स या लांबलचक नावाखाली आहे, बर्कलीला मायक्रोबियल बायोलॉजी आहे आणि ते लेटर्स अँड सायन्समध्ये नसून नॅचरल रिसोर्सेसच्या कॉलेजात आहे. नाव वेगळं, कॉलेज वेगळं, प्रीरेकची (आधी करून यायच्या कोर्सची) यादी वेगळी. चार कॅम्पसच्या चार याद्या प्रिंट काढ, जेवणाच्या टेबलावर पसर, चारही ठिकाणी जे कोर्स आहेत त्यांना हायलायटर मार. ते आधी. एकाच ठिकाणी असलेले सगळ्यात शेवटी.

आता तुझा प्लॅन, मी बसून कागदावर मांडला, शेवटाकडून सुरुवात करून. फॉल २०२७ ला जायचं तर अर्ज २०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा, आणि प्रीरेक सगळे स्प्रिंग २०२७ पर्यंत संपलेले हवेत. जायच्या आधीच्या समरमध्ये उरकते असं म्हणून चालत नाही, निदान तुझ्यासारख्या गर्दीच्या मेजरला तरी त्या भरवशावर राहू नको. म्हणजे तुझ्या हातात या समरपासून धरून चार टप्पे आहेत. समरला केम १ए. फॉलला केम १बी, बायोचा पहिला, आणि ते दुसरं इंग्लिश. विंटरला केम १सी, बायोचा दुसरा, आणि झेपत असेल तर फिजिक्सचा पहिला. स्प्रिंगला बायोचा तिसरा, ऑरगॅनिकचा पहिला म्हणजे १२ए, आणि विंटरला झेपलं असेल तरच फिजिक्सचा दुसरा. बघितलंस? जनरल केमिस्ट्री पूर्ण, बायो पूर्ण, कॅल्क्युलसचं १बी आत्ताच होतंय, ऑरगॅनिक एक तृतीयांश, फिजिक्स अर्धवट. ज्या कॅम्पसला वर्षभराचं ऑरगॅनिक आधी हवंच तिथे हे चालणार नाही, जिथे नकोय तिथे अर्ज करता येतो. त्या मुलीला सांग, २०२७ मेलेलं नाही, फक्त यादी छोटी झालीय.

पण हा सगळा डोलारा एका खिळ्यावर आहे, समरला केम १ए ची सीट. समरला लॅबचे सेक्शन मोजके असतात आणि ते भरायला वेळ लागत नाही. वेटलिस्टवर आलीस तरी पहिल्या दिवशी जाऊन बस, पहिल्या लॅबला जे येत नाहीत त्यांची नावं काढतात आणि जागा तिथेच उभ्या असलेल्यांना मिळते, मी स्वतः अशीच एकदा मिळवलीय, गॉगल पर्समध्ये घेऊन गेले होते. मात्र समरचं केम म्हणजे अख्खा क्वार्टर दोन महिन्यांच्या आत कोंबलेला, सकाळी लेक्चर, दुपारी लॅब, संध्याकाळी रिपोर्ट, दुसऱ्या दिवशी क्विझ. त्या काळात दुसरा कोर्स नाही, नोकरी नाही, आणि नाशिकहून आजी-आजोबा येणार असतील तर योसेमिटीला बाबांनी न्यावं, तू नाही.

सीट नाहीच मिळाली तर? मग फॉलला केम १ए घे आणि शांतपणे फॉल २०२८ धर. खरंच शांतपणे. तीन वर्षं लागणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सायन्सच्या मुलांना ती लागतात, आपल्या लोकांना "दोन वर्षात ट्रान्सफर" हे कुठूनतरी पाठ झालंय म्हणून त्यांना ते नापास झाल्यासारखं वाटतं. तीन वर्षांत तुझं अख्खं ऑरगॅनिक आणि फिजिक्स होईल, यूसीएलए पण आवाक्यात राहील. एकाच फॉलमध्ये केम, बायो, फिजिक्स तिन्ही लॅबवाले कोर्स घेऊन वर्ष वाचवायला जाऊ नको. ते करून सी आणला तर तो सी धुता येत नाही, कारण यूसी रिपीट धरतं ते सी मायनस किंवा त्याखाली असेल तरच. सी आला की तो जन्माचा सोबती. फारच डुबायला लागलीस तर मुदतीत डब्ल्यू (विथड्रॉवल, म्हणजे कोर्स मध्येच सोडणं) घे, एखाद्या डब्ल्यूने आभाळ कोसळत नाही. आणि मेजरचे कोर्स पास-नोपासवर कधीही घेऊ नको, लेटर ग्रेडच हवी.

टॅग पण बघ, ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी. सहा कॅम्पस देतात, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए, सान डिएगो देत नाहीत. तुझं डेव्हिस यात आहे हे भाग्य समज. फक्त एकाच कॅम्पसचा टॅग भरता येतो आणि तो सप्टेंबरमध्येच, १ ते ३०, म्हणजे मुख्य अर्जाच्या आधी. प्रत्येक मेजरला टॅग मिळतोच असं नाही, आणि टॅगचे प्रीरेक दिलेल्या टर्मपर्यंत संपायलाच हवेत, तिथे "जवळजवळ झालंय" चालत नाही. ऑगस्टमध्ये ट्रान्सफर काउन्सेलरची अपॉइंटमेंट घे, सप्टेंबरमध्ये ती मिळणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात शिंप्याकडे ब्लाऊज टाकण्यासारखं आहे. मुख्य अर्ज भरल्यावर जानेवारीत ग्रेड अपडेट करायला लावतात तेही चुकवू नको, विंटरला एखादा कोर्स बदललास तर तो तिथे सांगायचा असतो, नंतर त्यांना कळलं तर पंचाईत.

एक विषय तू लिहिला नाहीस पण जन्ममहिना लिहिलास म्हणून मीच काढते. जानेवारी २०२८ ला तू २१ ची होशील आणि एच-४ संपेल, तोवर बाबांचं ग्रीन कार्ड झालं नसेल तर तुला बहुधा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जावं लागेल. हे २०२७ ला गेलीस तरी होणार, २०२८ ला गेलीस तरी होणार, फक्त पहिल्यात ते युनिव्हर्सिटीत असताना आणि दुसऱ्यात कम्युनिटी कॉलेजात असताना. फरक फीचा पडतो. आत्ता एच-४ वर तुला फीसाठी इथली रेसिडेन्सी (राज्याची रहिवासी म्हणून नोंद) मिळू शकते, जूनमध्ये एक वर्ष पूर्ण झालं की फॉलसाठी रेसिडेन्सी बदलण्याचा फॉर्म भर, आपोआप होत नाही ते, आणि मग डी अँझाची फी युनिटला ३१ डॉलरवर येते. यूसीला नॉनरेसिडेंट म्हणून मोजलं तर नेहमीच्या ट्यूशनवर वर्षाला ३० हजार डॉलरच्या वर जादा जातात. तेव्हा आई-बाबांना घेऊन इमिग्रेशन वकिलाकडे या महिन्यातच जा, वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत, आणि एफ-१ झाल्यावर रेसिडेन्ट फीचं काय होतं हा एकच प्रश्न घेऊन जा. दोन की तीन वर्षं याचा निकाल कदाचित केमिस्ट्रीपेक्षा त्या उत्तरावर लागेल, आणि मला ते वाईट वाटतं, पण आपल्या एच-४ च्या पोरांचं गणित असंच असतं, सगळ्या समीकरणात एक जास्तीचा एक्स.

राहिली जर्नलं. काउन्सेलरला दाखवू नको, त्यांना ती बघून काय करावं कळणार नाही, तपकिरी कव्हर, सरांची लाल सही, शेवटच्या पानावर सर्टिफिकेट, एक्स्टर्नलच्या भीतीने रात्रभर जागून काढलेल्या आकृत्या. पण आईला म्हणावं टाकू नकोस. केम १ए च्या लॅबमध्ये टायट्रेशन येईल तेव्हा तुझ्या आजूबाजूची अर्धी मुलं आयुष्यात पहिल्यांदा ब्युरेट हातात धरणार, तू ते नाशिकला डझनावारी वेळा केलंयस, थेंब थेंब सोडून फिकट गुलाबीला थांबायचं तुझ्या हाताला माहितीय. तो एक दिवस तुझा. फक्त रीडिंग पेनाने लिही, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिही, व्हाइटनर लावू नको, आपल्या जर्नलात चालायचं, इथे मार्क कापतात.